मडके कच्चे निघाले, मग पुढे?



वाचक माऊली, कीर्तनाला उभे राहणे सोडून मला सहा वर्षे झाली. गुडघ्यांनी दगा दिला, आवाज वरच्या पट्टीत जाईना, तेव्हा एका एकादशीला हात जोडले आणि श्रोत्यांत जाऊन बसलो. आता रेणापुरात घरीच असतो. सकाळी काठी टेकत रेणुकामातेच्या देवळापर्यंत जातो, परत येतो, आणि पन्नास वर्षे लोकांपुढे जे बोललो त्यातले स्वतः किती पाळले याचा हिशोब मांडत बसतो. त्या हिशोबात एक आख्यान सारखे पुढे येते. ते मी दोनशे वेळा तरी सांगितले असेल, आणि दोनशे वेळा अर्धेच सांगितले. उरलेले अर्धे आज लिहितो.

आख्यान तुम्हाला पाठ आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली. तेर आमच्यापासून लांब नाही, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात. मुक्ताईने कोपऱ्यातले थापटणे पाहिले आणि विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आमचीही मडकी बघा की, असे ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे शांत बसले. नामदेवराय मात्र दुखावले, चिडले. काका म्हणाले, हे मडके कच्चे आहे.

इथे हशा पिकतो. मृदंगावर थाप पडते, आणि कीर्तनकार अहंकारावर बोलू लागतो. मीही तेच करीत होतो. पांडुरंगाशी खेळणारा, त्याच्याशी बोलणारा नामदेवही कच्चा निघाला, मग तुमची-आमची काय कथा? लोक माना डोलावीत. मला वाटे, आख्यान छान वठले.

आता माझे ऐका.

१९८९ सालची गोष्ट. आमची छोटी दिंडी होती. रेणापूर, लातूर, मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी करीत पंढरीला जायची, आणि एरवी गावोगावच्या सप्ताहांत माझ्यामागे हीच मंडळी टाळ घेऊन उभी राहायची. त्यांत एक वयस्क माळकरी होते. त्यांना आम्ही तात्या म्हणू. मळ्यात दुसऱ्याच्या बैलांमागे राबणारा माणूस, अक्षरओळख बेताची, एका कानाने ऐकू कमी. त्या कानामुळे असेल, त्यांचा टाळ कधी लयीच्या पुढे पळायचा, कधी मागे राहायचा. चाल द्रुत झाली की फार जाणवायचे.

त्या वर्षी एका मोठ्या गावच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाचे बोलावणे आले. कॅसेट निघणार होती. तेव्हा कॅसेटचे फार अप्रूप होते, माऊली, आणि मी चाळिशीच्या आतला. आमच्यातल्या एका हुशार गायकाने मला बाजूला घेतले. म्हणाला, महाराज, तात्यांचा टाळ कॅसेटमध्ये घुसंल. मला ते पटले. निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "तात्या, यंदा तुम्ही राहू द्या. टाळ जमत नाही तुम्हाला."

एवढेच वाक्य. तात्यांनी गळ्यातला टाळ काढला, उपरण्याच्या टोकाने पुसला, दोरी गुंडाळली आणि माझ्यापुढे ठेवला. "बरं महाराज," म्हणाले, पाया पडले आणि गेले.

खरे सांगतो, त्या सप्ताहातले कीर्तन चांगले झाले. टाळ एकसारखा वाजला. कॅसेट निघाली, खपली. कोणी म्हणेल, मग बिघडले काय? पहिल्या वर्षी काही बिघडत नाही. हेच ध्यानात घ्या. ज्याने माणूस काढला त्याला पहिल्या वर्षी आपण शहाणपण केले असेच वाटते.

पुढच्या चैत्रात एका खेड्यात मी उभा होतो. अभंगाचे दुसरे चरण म्हटले आणि तिसरे विसरलो. माणूस विसरतो. मागे आठ टाळकरी उभे होते. पूर्वी असे झाले की तात्या मागून हळूच पुढचे अक्षर द्यायचे. त्यांना लिहिता येत नव्हते, पण पाठ एवढे होते की मी आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत चार वर्षे शिकून आलेलो, मलाही त्यांच्या पाठांतराचा आधार वाटायचा. श्रोत्यांना कधी कळलेही नाही की महाराज अडखळले होते. त्या दिवशी मी मागे पाहिले. कोणी तोंड उघडले नाही. मी विठ्ठल विठ्ठल करून वेळ मारून नेली. नंतर एका पोराला विचारले, "तुला ते चरण येत होतं ना रे?" तो म्हणाला, "येत होतं महाराज. पण चुकीचं निघालं असतं तर?"

माऊली, त्या 'तर'मध्ये सगळे आले. मी तात्यांना काढले होते एकट्याला, पण ते वाक्य ऐकले होते आठ जणांनी. त्या दिवसापासून प्रत्येक जण टाळ वाजवताना भजन करीत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. नवीन चाल कोणी उचलेना. दोन शिकाऊ पोरे हळूहळू यायची बंद झाली. त्यांचा हात तात्यांपेक्षाही कच्चा होता, आणि त्यांनी आपापला निकाल आपणच लावून घेतला. ज्या हुशार गायकाने मला सल्ला दिला होता त्याचाच सूर दोन वर्षांनी बसला, तेव्हा तो आजारपणाचे निमित्त सांगून घरी राहू लागला. मला सांगण्याची त्याची हिंमत नव्हती. कशी असेल?

आणि तात्या नेमके काय करीत होते ते गेल्यावर कळले. पहाटे काकड्याला उठवणारे तेच. मुक्कामाला विहिरीचे पाणी गोडे की खारे ते पाहून येणारे तेच. नव्या पोराला वाटेत टाळाची पकड दाखवणारेही तेच. वाजवता कमी येई, पण दाखवता येई. हे काम कोणत्या वहीत लिहिलेले नव्हते, म्हणून ते कमी झालेले मला दिसले नाही.

हे सारे मला आजच आठवायला एक कारण घडले. माझ्या चुलत बहिणीचा नातू पुण्याला संगणकाच्या नोकरीत होता. लातूरला शिकलेला, दहावी-बारावीला नाव काढलेला. अशी पोरे आता तुमच्याही घरात असतील. गेल्या दिवाळीला तो आला तो बॅग भरून आला. आईला सांगितले, सुट्टी आहे. मला मात्र देवळाच्या पारावर बसून खरे सांगितले. अकरा वर्षे काम केले. शेवटच्या वर्षी त्याला नव्या कामावर टाकले, नवा साहेब आला, आणि वर्षअखेरीस त्याच्या नावापुढे सगळ्यांत खालची श्रेणी पडली. मग सुधारणेसाठी साठ दिवसांची मुदत. मुदत संपताच राजीनामा दे म्हणाले. दिला नाहीस तर काढून टाकल्याचा शेरा कागदावर येईल. त्याने सही केली. पुढचे दोन महिने तो रोज सकाळी बॅग पाठीला लावून घरातून निघे आणि आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर बसे. संध्याकाळी घरी. बायकोला सांगायची छाती होत नव्हती. घराचे हप्ते चालू होते.

त्याने मला सांगितले की हा एका साहेबाचा लहरीपणा नव्हे, याची रीतच आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक म्हणून मोठी कंपनी. १९८१ ते २००१ तिचा कारभार जॅक वेल्च नावाच्या माणसाकडे होता. त्याने माणसांचे तीन वाटे पाडले. वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा. वरच्यांना बक्षीस, खालच्यांना दरवर्षी वाट दाखवायची. जगभरच्या साहेबांनी ती रीत उचलली.

मी शेतकऱ्याच्या घरचा माणूस. मी त्याला म्हणालो, अरे, पहिल्या खुरपणीला तण निघते हे खरे. पण दरसाल शंभरातली दहा रोपे उपटायचीच असा नेम धरला, तर तिसऱ्या वर्षी हातात काय येईल? तो म्हणाला, आजोबा, तेच होतं. चौकटीत दहा माणसं असली की कोणीतरी दहावा असतोच, सगळे चांगले असले तरी. त्यामुळे निकालाच्या आधीचे दोन महिने कोणी कोणाला काही शिकवत नाही. ज्याला माहीत असतं तो झाकून ठेवतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीत हीच रीत होती, तिने २०१३ साली ती सोडून दिली. जनरल इलेक्ट्रिकनेही सोडली. पण रीत सुटली तरी हवा सुटत नाही. २०२५ च्या जानेवारीत, फेसबुकच्या कंपनीने सुमारे पाच टक्के माणसे काढायची ठरवली, आणि काढताना कमी कामगिरीचे म्हणून साऱ्या जगाला सांगितले. गेलेला माणूस दुसऱ्या दारात उभा राहील तेव्हा तो शिक्का त्याच्या आधी तिथे पोचलेला असतो. जुलैत टीसीएसने वर्षभरात दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. तिथे कारण निराळे दिले, कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही असे. आमचा मुलगा त्या कंपनीत नव्हता, पण ती बातमी वाचून तो रात्रभर झोपला नव्हता.

मग तो जे बोलला ते मी तसेच लिहितो. म्हणाला, "आजोबा, माझं गेलं त्याचं मला एवढं नाही. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या शेजारी एक जण बसायचा. त्याचं एक काम अडलं होतं. उपाय मला माहीत होता. त्यानं विचारलंही. मी म्हणालो, बघावं लागेल. त्या वर्षी दहावा तो झाला."

मी काय बोलणार? माझ्यामागच्या आठ टाळकऱ्यांना चरण येत होते.

आता त्या आख्यानाकडे पुन्हा चला. नामदेवराय कच्चे ठरले, पुढे काय झाले? ते रागाने पंढरीला गेले, देवापुढे रडले. देवाने काय केले? काकांचा निकाल फिरवला नाही. काका बरोबर म्हणाले असेच देव म्हणाला. पण त्याने नामदेवाला महाद्वारातून बाहेरही काढले नाही. विसोबा खेचरांकडे जा म्हणाला. विसोबा कुठे? औंढ्या नागनाथाला, आपल्याच मराठवाड्यात. म्हणजे मडके कच्चे आहे एवढे सांगून कोणी थांबले नाही, भट्टी कुठे आहे तेही सांगितले. कुंभाराला विचारा. तडा गेलेले मडके तो टाकतो. कच्चे मडके टाकीत नाही, ते आव्यात घालतो. सगळी मडकी कच्चीच असतात हो, आधी. आणि थापटणे मारताना त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो. आतून आधार नसताना बाहेरून मारले तर चांगली मातीही बसते.

आणखी एक. थापटणे कोणाच्या हातात होते? ज्यांनी नामाच्या नादात चिखल तुडवताना स्वतःचे तान्हे लेकरू तुडवले होते, असे ज्यांच्याविषयी सांगतात, त्या गोरोबांच्या. त्या दिवशी कोणी कामाची वही घेऊन बसले असते तर काकांच्या नावापुढे कोणती श्रेणी पडली असती? आणि काकांचे तुटलेले हात परत आले ते कोणाच्या कीर्तनात? नामदेवरायांच्या. आधी काय घडले आणि नंतर काय, याचा क्रम सांगणारे वेगवेगळा लावतात, त्यात मी पडत नाही. पण कच्चे ठरलेले हे मडके पुढे पंजाबात घुमानपर्यंत नाम घेऊन गेले, आणि त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात मानाने बसली. नामदेवरायांना त्या दिवशी कमी करून टाकले असते तर? मी दोनशे वेळा आख्यान सांगितले आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. माझ्याच दारात तात्यांचा टाळ खुंटीला लटकत होता तरी पडला नाही.

कोणी म्हणेल, महाराज, तुम्हाला धंदा कळत नाही. न करणाऱ्याला पोसायचे आणि करणाऱ्याच्या पाठीवर त्याचे ओझे टाकायचे, हा कुठला न्याय? खरे आहे. संतांनी गबाळेपणाला कधी आशीर्वाद दिला नाही. जनार्दनस्वामींकडे हिशोबाला बसलेले नाथ एका पैची चूक सापडेपर्यंत रात्रभर दिव्यापुढून उठले नाहीत, असे आपणच सांगतो. आमच्या दिंडीतही एकाला मी त्याच संध्याकाळी घालवले होते. तो कोठी सांभाळायचा आणि वारकऱ्यांचा शिधा परस्पर विकायचा. त्याची मला आजही हळहळ नाही. तो करीत नव्हता. तात्यांना जमत नव्हते. 'करीत नाही' आणि 'जमत नाही' ही दोन माणसे वेगळी आहेत, आणि दुरून दोघांचा टाळ सारखाच चुकलेला ऐकू येतो. जवळ गेल्याशिवाय कळत नाही. जवळ जायला वेळ लागतो, आणि साहेबाकडे नेमका तोच नसतो.

तुमच्यातले काही जण स्वतः साहेब असतील. कोणी शाळेच्या संस्थेवर, कोणी बँकेवर, कोणी कारखान्यावर, कोणी नुसते सप्ताह कमिटीवर. थापटणे तुमच्या हातात आहे. एक वेळ माणूस काढावाच लागेल, तो प्रसंग येतो. पण त्याआधी त्याला एकट्याला बोलावून, तोंडावर, खरे सांगितले होते का? त्याची जागा बदलून पाहिली होती का? मी तात्यांच्या हातातला टाळ काढून त्यांना विणेकऱ्याशेजारी चरण द्यायला बसवू शकलो असतो. अर्ध्या मिनिटाचे काम होते. ते न सुचायला मी काही दुष्ट नव्हतो, घाईत होतो. आणि काढायचेच ठरले तर ते आपल्या तोंडाने सांगावे, शेरा लिहायची भीती घालून त्याच्याच हाताने लिहून घेऊ नये. जुन्या औद्योगिक कायद्यातही कामगार कमी करताना महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार धरला होता. कायदा करणाऱ्यांना जेवढी लाज होती तेवढी तरी आपल्याला असावी.

तात्यांकडे मी गेलो, पण चार वर्षांनी. १९९३ च्या भूकंपानंतर. त्या पहाटेनंतर बऱ्याच जणांना बरेच काही आठवले, तसे मला हे आठवले. टाळ घेऊन गेलो. त्यांनी चहा केला. मी म्हणालो, "तात्या, चुकलो." ते म्हणाले, "महाराज, टाळ जमत नव्हता हे खरंच व्हतं. पर एकटं असताना सांगायचं." मधली चार वर्षे ते दुसऱ्यांच्या दिंडीच्या मागे, दहा-वीस पावलांचे अंतर ठेवून, रिकाम्या हाताने पंढरीला जात होते. कोणाच्या लयीत आपण येऊ नये म्हणून. तेव्हा त्यांचा खांदाही धरला होता, टाळ उचलवत नव्हता. मी त्यांना विण्याशेजारी बसवले. दोन वर्षे बसले. ते नुसते बसले होते तरी मागची पोरे हळूहळू तोंड उघडू लागली. पण सोडून गेलेल्या त्या दोन शिकाऊ पोरांतला एकही परत आला नाही. एकाने आता लातूरला दुकान घातले आहे. भेटला की नमस्कार करतो. भजनाचा विषय मी काढत नाही, तोही काढत नाही.

आमच्या त्या नातवाने पारावरून उठल्यावर दोन गोष्टी केल्या. घरी फोन करून बायकोला खरे सांगितले. ती म्हणाली, मला दीड महिन्यापासून माहीत होतं, बॅगेत डबा तसाच परत येत होता. दुसरे, त्या शेजारी बसणाऱ्याचा नंबर शोधला. तो नांदेडचाच निघाला, आता तिथेच मुलांना शिकवतो. हा म्हणाला, मला उपाय माहीत होता, मी सांगितला नाही. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. मीही त्याच्या आदल्या वर्षी एकाला सांगितलं नव्हतं."

मुलाला अजून पक्के काम लागलेले नाही. पुण्यातले घर भाड्याने दिले, हप्ते त्यातून जातात, थोडे कमी पडतात. एकादशीला आमच्या देवळात भजनाला येतो. परवा टाळ मागू लागला. हात अगदीच कच्चा आहे. द्रुत चालीला पुढे पळतो, थेट तात्यांसारखा. आताच्या दिंडीप्रमुखाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, वाजू द्या.

तात्यांचा टाळ अजून माझ्याकडेच होता. दोरी कुजली होती, ती बदलून आणायला मुलाला बाजारात पाठवले आहे.